सोवळे : पूजावस्त्र आणि त्याचे नाव

पूजेच्या वेळी पुजारी जे वस्त्र नेसतात त्याचे नाव काय व ते रेशमीच असावे काय, अशी विचारणा भाविकांकडून नेहमी होते. त्यांच्या माहितीसाठी हे टिपण देत आहोत.

मराठीत या वस्त्रास ‘सोवळे’ म्हणतात. बेज्जूर परिसरातील तेलुगू भाविक त्यासच ‘मडि’ म्हणतात. प्राणहितेच्या अलीकडे मडि आणि पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात सोवळे, एवढाच काय तो भेद. दोन्ही शब्द वस्त्राइतकेच शुद्ध स्थितीचेही वाचक आहेत. माणूस सोवळ्यात असतो, स्वयंपाक सोवळ्याचा असतो, पाणीसुद्धा सोवळ्याचे असते. याच्या उलट ते ओवळे. प्रत्यक्ष कापडाची नावे निराळी : रेशमी ते मुकटा, कद अथवा पीतांबर, लोकरीची ती धाबळी. पीतांबर म्हणजे वास्तविक पिवळे वस्त्र. पण तांबड्या वा जांभळ्या रेशमी वस्त्रासही आपण तेच नाव देतो. वस्त्र शिवलेले नसावे, आणि एकवस्त्राने पूजा करू नये म्हणून खांद्यावर उपरणे हवे.

सुती वस्त्र दररोज धुऊन, उंच दांडीवर कोणाचा स्पर्श न होता वाळवावे लागते, व काठीनेच उतरवावे लागते. रेशीम व लोकर यांस रोज धुण्याचे बंधन नाही, म्हणून त्यांचा प्रघात पडला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशीम व लोकर यांच्या शुद्धीसाठी खारी माती आणि विशिष्ट लोकरी कांबळ्यांसाठी रिठा सांगितला आहे. रिठ्याचा उपयोग रेशीम धुण्यास आजही होतो.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. रेशमाचा अखंड धागा काढण्यासाठी कोशातील जीव बहुधा वाफेने वा उकळत्या पाण्यात मारला जातो. आपल्या शेजारच्या चेन्नूर आणि आरमोरी भागांत होणारा रानातला कोसाही यास सर्वस्वी अपवाद नाही. मग ते वस्त्र पवित्र कसे? हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी कीटक बाहेर पडल्यानंतरच्या कोशांपासून ‘अहिंसा रेशीम’ विणून दाखविले. परंतु ते महाग पडते. आमच्या मते नुकतेच धुतलेले सुती धोतर व उपरणे पूजेस पूर्ण योग्य आहे. रेशमाचा आग्रह धरू नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नेसणाऱ्याने स्वतः पाळावयाचा हा नियम पुढे इतरांना दूर ठेवण्याचे साधन झाला, आणि कित्येक भाविकांनी त्यामुळे अपमान सोसला. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. पंढरपूरच्या मंदिर समितीने २०१४ साली सर्व जातींच्या पुरुषांकडून व स्त्रियांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागविले. सोवळे जन्मावर अवलंबून नाही, असेच आम्ही मानतो.

देवास रेशमी वस्त्र अर्पण करणाऱ्यांनी ते कोरे, न शिवलेले आणावे. त्यास अत्तर लावू नये. डाग जात नाहीत. धुतल्यावर ते सावलीतच वाळवावे.