मुंबई ते कँटन : आपल्या नदीवरचा चिनी पैसा

मंडळी, पोस्ट लांब आहे. जेवणं उरकली की निवांत वाचा.

दर एप्रिल आणि ऑक्टोबरात आपल्या पट्ट्यातल्या उद्योजकांचे स्टेटस बघा. भोसरी, तळवडे, चाकण, कुरुळी, सगळीकडून कोणी ना कोणी ग्वांगझूच्या जत्रेत गळ्यात पास अडकवून उभा असतो. मागे मोठमोठे हॉल, हातात कॅटलॉगची पिशवी. त्याच माणसाच्या दुसऱ्या ग्रुपवर "चिनी मालावर बहिष्कार घाला" हा फॉरवर्डही असतो, दिवाळीच्या आधी तर नक्कीच. मला यात ढोंग दिसत नाही. मशीन तिकडून स्वस्तात मिळतं आणि राग खरा आहे, दोन्ही खरं. पण दोन्हीकडची चर्चा अशी चालते, जणू आपली आणि त्या शहराची ओळख वीस-पंचवीस वर्षांचीच आहे. ती सव्वादोनशे वर्षांपेक्षा जुनी आहे. आणि त्या जुन्या हिशोबात माल विकणारे आपण होतो, हे फार थोड्यांना माहीत असतं.

ग्वांगझू म्हणजेच जुनं कँटन. दक्षिण चीनमध्ये पर्ल नदीवर, समुद्रापासून थोडं आत वसलेलं. दोन हजार वर्षांहून जुनं शहर. अरब व्यापारी तिथे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच पोचले होते. पण आपल्याशी संबंध येतो तो १७५७ पासून. त्या साली चिनी बादशहाने हुकूम काढला की युरोपातून येणाऱ्या जहाजांनी फक्त कँटनलाच व्यापार करायचा. पुढची पंचाऐंशी वर्षं एवढ्या मोठ्या देशाचं सागरी व्यापाराचं दार म्हणजे हे एकच बंदर. परदेशी माणसाला शहराच्या तटाच्या आत प्रवेश नाही. नदीकाठी बाहेर तेरा वखारींची रांग होती, तिथेच राहायचं, तेही हंगामापुरतं. हंगाम संपला की मकाऊला जायचं. बायका आणायच्या नाहीत. आणि सौदा करायचा तो सरकारने नेमलेल्या ठरावीक चिनी व्यापाऱ्यांशीच.

मुंबईहून तिथे जायचं कसं? शिडाचं जहाज आणि वाऱ्याची मर्जी. नैऋत्येचा वारा धरून निघायचं, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून पलीकडे जायचं, चीनचा समुद्र ओलांडून मकाऊ गाठायचं. तिथे चिनी वाटाड्या घ्यायचा आणि परवाना काढायचा. मग हूमेनची अरुंद खाडी, दोन्ही बाजूंना तोफा. हूमेन या नावाचा अर्थच वाघाचं दार. मोठी जहाजं शहरापर्यंत जात नसत, व्हांपोआच्या नांगरवाड्यात थांबत. पुढचे काही कोस होड्यांनी. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुरू झाला की परत फिरायचं. एका फेरीत वर्षाचा मोठा भाग गेला.

या वाटेने गेलेल्यांत सगळ्यात गाजलेलं नाव जमशेटजी जीजीभाई. १७८३ चा जन्म, घरची गरिबी, १७९९ मध्ये पोरवयातच पहिली चीनवारी. अशा पाच फेऱ्या त्यांनी केल्या. १८०५ मध्ये त्यांचं जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि ते केपटाऊनकडे नेलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. कैदेतली ही ओळख पुढे आशियातल्या एका मोठ्या धंद्याचा पाया झाली. कँटनमध्ये पारशांची संख्या इतकी की चिनी लोक त्यांना त्यांच्या पागोट्यांवरून 'पांढऱ्या डोक्याचे' म्हणायचे. व्हांपोआजवळच्या बेटावर पारशांची जुनी दफनभूमी आजही आहे.

जहाजात काय असायचं? आधी मुख्यतः कापूस. मग अफू.

इथे जरा थांबतो, कारण शाळेत आपण अफूचं युद्ध हा धडा इंग्रज विरुद्ध चीन असा शिकलो. बंगालची अफू कंपनी सरकारच्या मक्त्याची होती, हे पुस्तकात असतं. पण अर्धी गोष्ट माळव्याची आहे. उज्जैन, इंदूर, मंदसौर. मुलूख कोणाचा? शिंदे आणि होळकरांचा. तिथला शेतकरी अफू पिकवायचा, सावकार आगाऊ पैसे द्यायचा, संस्थानाला त्यात उत्पन्न होतं. कंपनीने हा माल अडवायचा खूप प्रयत्न केला. तो पोर्तुगीजांच्या दमणमार्गे निसटायचा. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि परवाना पद्धत आणली : पेटीमागे पैसे भरा आणि माल मुंबईतून खुशाल न्या. सुरुवातीला हा दर पेटीला १७५ रुपये होता, मध्ये थोडा उतरला, पण १८४७ पर्यंत ४०० वर गेला. नाक्यावर पावती फाडायची आणि मालाकडे बघायचं नाही, ही पद्धत आपल्याला नवी नाही.

चीनमध्ये अफूवर बंदी होती. म्हणून माल कँटनच्या वखारीत उतरतच नसे. नदीच्या तोंडाशी लिंटिन बेटाजवळ जुनी जहाजं तरंगत्या गोदामांसारखी उभी असत. पेट्या तिथे उतरायच्या आणि रात्री चिनी तस्करांच्या वेगवान होड्या त्या घेऊन जायच्या. रोकड चांदीत. वखारीत बसलेला व्यापारी कागदावर स्वच्छ. त्याच चांदीवर इंग्रजांचा चहा विकत घेतला जायचा.

१८३९ मध्ये लिन झेशू हा कडक अधिकारी कँटनला आला. त्याने वखारी कोंडल्या, वीस हजारांहून जास्त पेट्या ताब्यात घेतल्या आणि जूनमध्ये हूमेनच्या काठावर चुना-मिठाच्या पाण्यात कालवून समुद्रात सोडल्या. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या माळवी पेट्याही भरपूर होत्या. मुंबईचा बाजार हादरला. इंग्रज सरकारने व्यापाऱ्यांचं नुकसान हे कारण पुढे करून युद्ध केलं. २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडली, दोन कोटी दहा लाख डॉलरची खंडणी चीनवर बसली. त्यातले साठ लाख अफूच्या भरपाईचे. तरी व्यापाऱ्यांना पुरती किंमत मिळाली नाही, ते बरीच वर्षं अर्ज करत राहिले.

तो तह ज्या युद्धनौकेवर झाला तिचं नाव कॉर्नवॉलिस. ती १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी सागवानातून बांधली होती. म्हणजे माल इकडून, जहाज इकडून, नुकसानीचा दावाही इकडून. चिनी पाठ्यपुस्तकात 'अपमानाचं शतक' जिथून सुरू होतं, त्या पानावर मुंबईचा ठसा आहे. आपल्या पुस्तकात तो नाही.

त्याच १८४२ साली जमशेटजींना 'सर' ही पदवी मिळाली, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पैसा त्यांनी दडवून ठेवला नाही, हे मान्य करायलाच हवं. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल, जे. जे. कला महाविद्यालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं. माहीमचा बांध त्यांच्या पत्नी आवाबाईंच्या पैशातून. आणि आता आपल्या दारातली गोष्ट : १८५० च्या सुमारास पुण्याला पाणी मिळावं म्हणून मुळा-मुठेवर बंधारा झाला, त्याच्या खर्चाचा मोठा वाटा जमशेटजींनी उचलला. तोच बंड गार्डनचा बंधारा. 'बंड' म्हणजे आपला बंधच. हाच शब्द इंग्रजांबरोबर चीनला गेला आणि शांघायच्या प्रसिद्ध नदीकाठाला चिकटला.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. मोरया गोसावींच्या घाटाजवळून वाहणारी पवना दापोडीपाशी मुळेला मिळते. मुळा संगमावर मुठेला भेटते. पिंपरी-चिंचवडचं पाणी, आणि आपण त्यात जे काही सोडतो ते, सगळं कँटनच्या पैशाने बांधलेल्या त्या भिंतीवरून जातं. हा पैसा सगळाच अफूचा होता असं म्हणणं अन्याय होईल, कापसाचाही होता. पण अफूचा नव्हताच असं म्हणणं म्हणजे खोटं बोलणं. जमशेटजी टाटासुद्धा १८५९ मध्ये विशीतच वडिलांच्या धंद्यासाठी हाँगकाँगला गेले होते. पश्चिम भारतातल्या गिरण्या-कारखान्यांमागचं भांडवल शोधत गेलात की चीनचा व्यापार कुठेतरी लागतोच.

याच वाटेने १९३८ मध्ये एक वेगळा माणूस गेला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, वय सत्तावीस. १ सप्टेंबरला मुंबईहून पाच भारतीय डॉक्टरांचं पथक निघालं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. हाँगकाँगमार्गे सप्टेंबरच्या मध्याला ते कँटनला उतरले. स्वागताला सुन यात-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग स्वतः होत्या. शहरावर जपानी बॉम्ब पडत होते. पथक उत्तरेकडे निघून गेलं आणि ऑक्टोबर संपायच्या आत कँटन जपानच्या हातात पडलं. कोटणीस परत आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला उत्तर चीनमध्ये त्यांचं निधन झालं. ज्या बंदरात शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या पेट्या गेल्या, त्याच बंदरात सोलापूरचा पोरगा औषधांच्या पेट्या घेऊन उतरला. चिनी नेते भारतात आले की कोटणिसांच्या घरच्यांना भेटायचे, ते उगाच नाही.

कँटनची जत्रा सुरू झाली १९५७ मध्ये. जगाने चीनकडे पाठ फिरवली होती, डॉलर मिळवायला ही एक खिडकी. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, आणि ती एवढ्या उलथापालथीतही बंद पडली नाही. आपल्याकडे त्याच सुमारास पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभं राहत होतं, मग एमआयडीसी आली. सुरुवात जवळजवळ बरोबरीची होती, हे लक्षात घ्या. आजचं जत्रेचं मैदान पाझोऊ बेटावर आहे. व्हांपोआहून वखारींकडे जाणाऱ्या होड्या याच बेटाजवळून जायच्या.

आणि आपला ताजा हिशोब. चाकणमध्ये सॅनी या चिनी कंपनीचा कारखाना बरीच वर्षं चालू आहे, तिथे आपलीच पोरं काम करतात. १५ जून २०२० ला राज्य सरकारने तळेगावसाठी ग्रेट वॉल मोटर्ससह तीन चिनी करार जाहीर केले. त्याच रात्री गलवान घडलं. करार लटकले. ग्रेट वॉल जो जनरल मोटर्सचा कारखाना घेणार होती तो बंद पडला, हजारावर कामगार रस्त्यावर आले. २०२२ मध्ये व्यवहार रद्द, २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घ्यायचा करार केला. दिल्ली-बीजिंगच्या भांडणात तीन वर्षं कोणाची गेली, हे तळेगावच्या गेटवर साखळी उपोषणाला बसलेल्यांना विचारा. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांवर निर्यातबंधनं घातली आणि दोन-तीन महिन्यांत इथल्या इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन खाली आलं. हाताएवढाही नाही असा एक तुकडा, आणि लाईन थांबते.

म्हणून बहिष्काराच्या फॉरवर्डवर माझं एवढंच म्हणणं. १८३९ मध्ये लिन झेशूने जे केलं तो बहिष्कारच होता, तोही नैतिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. तो टिकला नाही, कारण मागे आरमार नव्हतं, कारखाने नव्हते. चीनने ते नंतर उभं केलं. आपल्याकडे चुंबक बनवायचं काम कुठवर आलं, हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना सभेत विचारा. मी पत्रकार परिषदेत विचारला की पुढचा प्रश्न घेतात.

जाणाऱ्यांसाठी : २०२० पासून बंद असलेली थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कोलकाता आणि दिल्लीहून ग्वांगझूला पुन्हा सुरू झाली आहेत. मधली वर्षं लोक बँकॉक, हाँगकाँग करत जात होते. जत्रेला गेलात तर एक दिवस काढून हूमेनचं अफूयुद्धाचं संग्रहालय बघा. आणि आपल्या पट्ट्यात कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या चीनच्या व्यापाराची, बोटीवरच्या नोकरीची जुनी कागदपत्रं असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. येऊन बघीन, फोटो काढून परत देईन.