तुंबाडचे खोत : विसाव्याची कादंबरी आणि खोतीचा इतिहास

‘तुंबाड’ म्हटले की आज चित्रपट आठवतो. त्याने नाव मात्र घेतले ते श्री. ना. पेंडसे यांच्या १९८७ सालच्या द्विखंडात्मक ‘तुंबाडचे खोत’वरून, कथेचा तिच्याशी संबंध नाही. जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची ही कहाणी अनेक वाचक पुनःपुन्हा हाती घेतात. माणसे जातात, वाडा आणि नदी राहतात. गाव सोडून मुंबईत आलेल्या कोकणी वाचकाला याहून मोठा विसावा कोणता?

पण खोत म्हणजे नेमके कोण? गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वंशपरंपरागत मध्यस्थ. सरकारला ठरलेली रक्कम पोचली की उरलेले त्याचे. म्हणूनच कुळाच्या पिकातला मोठा वाटा त्याचा, आणि वर वेठ. १८८० च्या खोती कायद्याने कुळांना थोडे संरक्षण दिले खरे, तरी खोताचे वजन फारसे हलले नाही.

१९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला आणि शेते पडीक ठेवली. हा संप १९३९ पर्यंत चालला. पोट हातावर असलेल्यांनी सहा वर्षे जमीन कसली नाही! दरम्यान १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती निर्मूलनाचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले; जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले. खोती प्रत्यक्ष संपुष्टात आणणारा कायदा मात्र १९४९ चा.

पेंडशांचा जन्म १९१३ चा, दापोली तालुक्यातील मुर्डीचा. नोकरी मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये. त्यांचा ‘गारंबीचा बापू’ आला १९५२ मध्ये. खोती नुकतीच बुडाली होती, आणि त्या कादंबरीत खोत हा नायकाच्या वाटेतला धोंडा आहे. पस्तीस वर्षांनी तोच खोत घराण्यासह कथेच्या केंद्रस्थानी येतो. माझ्या मते, सत्ता पुरती विझल्याखेरीज हा पालट शक्य नव्हता. पेंडशांनी खोतांना गोंडस केलेले नाही, हेही नोंदवायला हवे. त्यांचा माज आणि क्रौर्य पानोपानी दिसते.

कुळांच्याही चार पिढ्या त्याच मातीत राबल्या. त्यांची नावे शोधायची तर खोताच्या दप्तरात, थकबाकीच्या नोंदींत. चरीच्या संपाविषयी सविस्तर पुढील धाग्यात.