हिवाळ्यातील उदासी : चिनी वैद्यक, ऋतुचर्या आणि वऱ्हाड

ऋतू पालटला की मनाची अवस्थाही पालटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मात्र दरवर्षी ठरावीक ऋतूत येणारी आणि तो सरताच ओसरणारी खिन्नता हा नैराश्याचाच एक प्रकार होय. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ या नावाने तो ओळखला जातो.

लक्षणे

अतिझोप, अंग जड वाटणे, गोड व पिष्टमय पदार्थांची ओढ, वजनवाढ, कामात मन न रमणे आणि माणसांपासून दूर राहणे ही या विकाराची प्रमुख लक्षणे आहेत. सलग किमान दोन वर्षे त्याच ऋतूत ती दिसल्यास या विकाराचा विचार केला जातो. कमी झालेल्या सूर्यप्रकाशामुळे शरीराचे जैविक घड्याळ विस्कळीत होणे, हे त्याचे संभाव्य कारण मानतात.

वऱ्हाडात हे घडते काय?

लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो. अमरावती-अकोल्यात तो सुमारे अकरा तासांचा असतो आणि आकाशही बहुधा निरभ्र असते. त्यामुळे युरोपासारखे हिवाळी नैराश्य येथे विरळाच आढळावे. परंतु प्रकाश आकाशात असणे आणि तो आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुकान, कार्यालय किंवा शिकवणी वर्गातील उजेड साधारणतः १०० ते ५०० लक्स असतो. प्रकाशोपचारात मात्र १०,००० लक्सचा दिवा रोज सकाळी अर्धा तास वापरतात. आपल्याकडे तेवढा प्रकाश अंगणात विनामूल्य मिळतो.

येथील हिवाळ्याला दुसरीही बाजू आहे. कापूस घरात येतो, तेव्हाच वर्षाचा हिशेबही समोर येतो. उत्पन्न व कर्ज यांचा मेळ बसला नाही, तर येणारे नैराश्य केवळ ऋतूचे नसते. ते उन्हाने किंवा सुयांनी बरे होईल, असे मानणे घातक ठरू शकते.

चिनी वैद्यकाची दृष्टी

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात हिवाळा हा संचयाचा काळ मानला आहे. लवकर निजावे, सूर्य वर आल्यावर उठावे, शरीर उबदार ठेवावे व मन शांत राखावे, असा त्यातील उपदेश आहे. पंचतत्त्वांच्या मांडणीत हिवाळ्याचा संबंध जलतत्त्व व मूत्रपिंडाशी जोडला जातो. ‘ची’ म्हणजे प्राणशक्तीचा प्रवाह, विशेषतः यकृताशी निगडित प्रवाह, कुंठित झाला की खिन्नता येते, असे हे शास्त्र सांगते. त्यासाठी डोक्याचा मध्य, मनगट व पाऊल यांवरील बिंदूंवर सुया टोचतात. दवण्याच्या जातकुळीतील वनस्पतीच्या धगीने बिंदू शेकण्याचीही पद्धत आहे.

चीनला १९३८ मध्ये गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे अॅक्युपंक्चर भारतात रुजविले. महाराष्ट्राने त्यासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला, तर २०१९ मध्ये केंद्र सरकारने या पद्धतीला मान्यता दिली.

उपयोग किती? कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ६४ अभ्यास व ७,१०४ रुग्णांचा समावेश होता. उपचार न घेण्यापेक्षा अॅक्युपंक्चरने नैराश्याची तीव्रता काहीशी घटते, असे त्यात दिसले. पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही नमूद करण्यात आले. सबब ही पद्धत पूरक समजावी.

ऋतुचर्या

आयुर्वेदानुसार हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, तर शिशिरात कफाचा संचय होतो. जडत्व व आळस हे कफाचेच गुण. म्हणून तेलाचा अभ्यंग, व्यायाम व ऊन यांवर भर असून दिवसा झोपणे वर्ज्य सांगितले आहे. तीळ, गूळ, डिंकाचे लाडू आणि शेतावरचा हुरडा यांतून आहार व सहवास दोन्ही साधतात.

काय करावे?

* सकाळी किमान अर्धा तास मोकळ्यावर चालावे. सूर्याकडे थेट पाहू नये.
* झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी.
* अॅक्युपंक्चर नोंदणीकृत चिकित्सकाकडूनच व निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांनी करून घ्यावे.
* चिनी किंवा अन्य वनौषधी डॉक्टरांना सांगितल्याविना घेऊ नयेत. ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतल्यास अपाय होऊ शकतो.
* सुरू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत.

मदत केव्हा घ्यावी?

खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे वाटू लागल्यास मात्र क्षणाचाही विलंब करू नये. ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तो अहोरात्र सुरू असतो. मदत जवळ आली की माणसे ती घेतात, हे अमरावती जिल्ह्यातच सिद्ध झाले आहे. ‘विश्राम’ प्रकल्पात ३० गावांतून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी काम केले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. घरातील कोणी अबोल झाले, तर त्याला आळशी ठरविण्याआधी त्याची विचारपूस करावी. बहुतेकदा उपचाराची सुरुवात तेथूनच होते.