मनोरुग्णांचा पालक कोण?

ग्वाल्हेर म्हटले की मराठी मनापुढे किल्ला उभा राहतो, शिंदेशाही उभी राहते, तानसेनाची समाधी उभी राहते. त्याच शहरात शिंद्यांच्या राजवटीत, 1935 साली, मानसिक आरोग्यशाळेची स्थापना झाली, हे मात्र फार थोड्यांच्या स्मरणात असते. ज्याला स्वतःचे हित कळेनासे झाले, त्याच्या रक्षणाचा भार राज्याने उचलावा, हा विचार अशा संस्थेच्या मुळाशी असतो.

हा भार सरकारने स्वतः वाहावा, की मोल देऊन दुसऱ्यावर सोपवावा, हा वाद आजचा नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीने अनेकदा दुसराच मार्ग पत्करला. मद्रास येथे 1794 च्या सुमारास व्हॅलेंटाइन कॉनोली नावाच्या सर्जनाने वेड्यांसाठी इस्पितळ काढले. इस्पितळ त्याचे आणि पैसा कंपनीचा, अशी ती व्यवस्था होती. कलकत्त्यास 1817 साली आयझॅक बिअर्ड्समोअर याने तोच कित्ता गिरविला. पुढील वर्षापासून कंपनीच्या नोकरीतील युरोपीय मनोरुग्ण लंडनजवळील हॅकनी येथल्या पेम्ब्रोक हाउस या खाजगी आश्रयगृहात ठेवण्यात येऊ लागले. ही प्रथा 1870 पर्यंत चालली. त्या वर्षी ईलिंग येथे सरकारने स्वतःचे इस्पितळ उघडले.

या व्यवस्थेतील उणीव उघड आहे. माणशी ठरलेला पैसा मिळाला, की अन्नवस्त्रावर जितके कमी खर्चावे तितका नफा अधिक. रुग्ण बरा होऊन घरी गेला, तर खाट रिकामी पडून तोटाच! इतर व्यवहारांत गिऱ्हाईक माल पारखून घेते. येथे मोल देणारा दूर असतो, आणि ज्याला भोगावे लागते त्याचे म्हणणे वेड्याची बडबड म्हणून सोडून दिले जाते. म्हणूनच इंग्लंडच्या पार्लमेंटने 1774 सालीच अशा खाजगी गृहांना परवाना आणि तपासणी यांचे बंधन घातले होते.

मग सरकारने सर्व काही आपल्या हाती घेतले म्हणजे प्रश्न सुटला काय? ग्वाल्हेरचा अनुभव तसे सांगत नाही. तेथील सरकारी इस्पितळाचा प्रश्न 1994 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. रांची आणि आग्रा येथील इस्पितळांचेही प्रश्न न्यायालयापुढे होतेच. या तीनही संस्थांचा कारभार स्वायत्त व्यवस्थापनाकडे सोपविण्याचा मार्ग धरला गेला, आणि 11 नोव्हेंबर 1997 रोजी त्यांच्या देखरेखीचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे देण्यात आले. आयोगाने पुढे देशातील 37 सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करविली. तिचा अहवाल 1999 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांपैकी कित्येकांची रचना तुरुंगासारखीच असल्याचे दिसून आले.

याच्या उलट बाजूचे चित्रही तितकेच दारुण आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयगृहास आग लागली. तेथील रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्या आगीने 28 जणांचा बळी घेतला. भिंत सरकारी असो वा खाजगी, तिच्याआड पाहणारा डोळा नसला, की माणसाची अशीच गत होते.

कायद्यासही हे उशिराच उमगले. 1987 च्या कायद्याने खाजगी मनोरुग्णालयांना परवान्याची सक्ती केली, परंतु सरकारी इस्पितळांना त्यातून सूट दिली. जणू सरकारचा हात चुकूच शकत नाही! 2017 च्या कायद्याने ही सूट काढून टाकली आणि सरकारी व खाजगी अशा उभयतांना नोंदणी आवश्यक ठरविली.

सरकार काम दुसऱ्याकडे सोपवू शकते, जबाबदारी सोपवू शकत नाही. कंत्राटाच्या कागदावर रुग्णाची सही नसते. म्हणून त्याच्या वतीने पाहणारा, विचारणारा आणि जाब मागणारा कोणी तरी असलाच पाहिजे, हाच या दोन शतकांच्या इतिहासाचा बोध होय.