भोगावतीच्या काठानं वर

कोकणात निघालेला कोल्हापूरकर हल्ली आंबोली नाहीतर गगनबावडा धरतो. मी राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरतो. वेळ थोडा जास्त जातो, जाऊ दे. आमच्या शिवारात पाणी कसं आलं, ते या वाटेवर उमगत जातं.

रंकाळा मागे पडला की हळदी, परिते करत रस्ता भोगावतीच्या खोऱ्यातून वर चढतो. दोन्हीकडे ऊसच ऊस. पाहुणे म्हणतात, काय निसर्ग आहे! मला त्यात माणसांचे कष्ट दिसतात. एखाद्या बंधाऱ्यावर गाडी थांबवून बघा. ओळीनं दगडी खांब, खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की या खाचांत बरग्यांच्या दोन ओळी बसवायच्या, मधल्या पोकळीत माती ठेचून भरायची, की नदी तुंबते. पावसाच्या तोंडाला सगळे बरगे काढून काठावर रचायचे, नाहीतर पूर बंधाऱ्यालाच धक्का देतो. लांबलांबच्या गावांतही अशा बांधणीला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, याचा मला अभिमान आहे.

पण अडवायला उन्हाळ्यात नदीला पाणी तर हवं! ते येतं फेजिवड्याच्या धरणातून. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली. गुळाला ऊस लागतो आणि उसाला बारमाही पाणी. १९०२ साली त्यांनी संस्थानचं पाटबंधारे धोरण ठरवलं आणि काही वर्षांतच भोगावतीवर धरणाचं काम सुरू झालं. जवळ वसवलेल्या गावाला लेकीचं, राधाबाई अक्कासाहेबांचं नाव दिलं, तीच राधानगरी. एका लहान संस्थानानं आपल्या तिजोरीवर एवढं धरण अंगावर घ्यायचं, ही छाती मोठीच. पुढे पैसा अपुरा पडला, काम अडलं, १९२२ साली महाराज गेले. भिंत पुरी झाली ती संस्थान विलीन झाल्यानंतर, १९५० च्या दशकात. ज्यानं स्वप्न पाहिलं त्याला भरलेला तलाव बघायला मिळाला नाही, हे मला तिथं उभं राहिल्यावर दरवेळी लागतं.

आज त्यात ८.३६ टीएमसी पाणी मावतं. तलाव भरला की सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात. श्रावणात अख्खं कोल्हापूर एकच चौकशी करतं, ‘किती दरवाजे उघडले?’ कारण राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका.

धरणाच्या वर दाजीपूरचं रान. संस्थानी काळात ते राजघराण्याच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, म्हणून कुऱ्हाडीपासून वाचलं. १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं. माझ्या मते धरणाचा खरा पाया हे रानच आहे. पाऊस इथं मुरतो, झऱ्यांनी हळूहळू खाली येतो, माती धरून राहते. रान उघडं पडलं तर तलाव गाळानं भरेल आणि खालच्या उसाची काय गत होईल, ते सांगायला नको.

दाजीपूर ओलांडलं की घाट सुरू. याच वाटेनं घाटावरचा गूळ खाली जायचा, खालून मीठ, नारळ, सुकट वर यायची. तुम्ही गेलात तर दिवसाउजेडी जा. गवा आडवा आला तर हॉर्न वाजवू नका, गाडी लांबच थांबवा आणि त्याला आधी जाऊ द्या.