पाय परदेशात, कर मायदेशात

ऑनलाइन पोकरवर चरितार्थ चालवणाऱ्या अमेरिकी खेळाडूंच्या देशांतराची कथा १५ एप्रिल २०११ पासून सांगितली जाते. त्या दिवशी न्यूयॉर्कमधील संघराज्याच्या सरकारी वकिलांनी पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर यांच्या चालकांविरुद्धचे आरोपपत्र जाहीर केले. अमेरिकेत बसून या संकेतस्थळांवर पैसे लावून खेळणे त्यानंतर अशक्य झाले आणि अनेक व्यावसायिक खेळाडूंनी मेक्सिको, कॅनडा किंवा कोस्टारिका येथे भाड्याची घरे घेऊन, परदेशी वास्तव्याचे पुरावे सादर करून आपली खाती पुन्हा सुरू केली. खेळाचा प्रश्न अशा रीतीने सुटला, कारण जुगाराचे कायदे खेळणारा कोठे बसला आहे हे पाहतात. कराचा प्रश्न मात्र सुटला नाही, कारण अमेरिकी प्राप्तिकर माणूस कोणाचा नागरिक आहे हे पाहतो.

या दुसऱ्या नियमाचे मूळ यादवी युद्धात आहे. १८६१ च्या कायद्याने परदेशी राहणाऱ्या नागरिकांच्या अमेरिकेतील मालमत्तेच्या उत्पन्नावर कर बसवला आणि १८६४ मध्ये त्यांचे जगभरातील उत्पन्न करपात्र ठरले. देश संकटात असताना बाहेर राहणाऱ्यांनी भार टाळू नये, हा त्यामागचा रोष होता. तो कर १८७२ मध्ये संपला, परंतु १९१३ नंतरच्या प्राप्तिकरात नागरिकत्वाचा निकष परत आला. मेक्सिको सिटीत स्थायिक झालेल्या कुक नावाच्या अमेरिकी नागरिकाने तेथील मालमत्तेच्या उत्पन्नावर अमेरिकेने कर का घ्यावा, असा वाद मांडला, तेव्हा नागरिक कोठेही असला तरी राज्यसंस्थेचे संरक्षण त्याच्याबरोबर असते, या तर्काने सर्वोच्च न्यायालयाने १९२४ मध्ये तो फेटाळला. भारतात मुख्यतः वास्तव्याचे दिवस, सर्वसाधारणपणे १८२, मोजून निवासी आणि अनिवासी असा भेद केला जातो. अमेरिकी नागरिकाला दिवस मोजून तेवढी सुटका मिळत नाही.

काही प्रमाणात सवलत मात्र १९२६ पासून आहे. परदेशात स्वकष्टाने मिळवलेले उत्पन्न ठराविक मर्यादेपर्यंत वगळता येते, आणि ही मर्यादा २०११ मध्ये ९२,९०० डॉलर होती. त्यासाठी व्यवसायाचे मुख्य ठिकाण परदेशात असावे लागते आणि त्याशिवाय एक तर सलग बारा महिन्यांत पूर्ण ३३० दिवस परदेशात काढावे लागतात किंवा संपूर्ण करवर्षभर तेथे खरोखर निवासी असल्याचे दाखवावे लागते. तात्पुरते गेलेल्यांना दुसरी कसोटी अवघड आणि पहिली गैरसोयीची, कारण ३३० दिवसांच्या हिशेबात मायदेशासाठी जेमतेम पाच आठवडे उरतात आणि लास व्हेगासमधील वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर ही स्पर्धाच जवळपास सात आठवडे चालते.

याहून खोल अडचण ‘स्वकष्टाचे उत्पन्न’ या संज्ञेत आहे. कायद्याच्या भाषेत ते प्रत्यक्ष केलेल्या सेवेचा मोबदला असते. पोकरपटू समोरच्या खेळाडूची कोणती सेवा करतो, हा प्रश्न त्यामुळे थट्टेचा राहत नाही. कुत्र्यांच्या शर्यतींवर आठवड्याला साठ ते ऐंशी तास खर्च करणाऱ्या ग्रोएट्झिंगर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये पूर्णवेळ जुगार हा व्यवसाय ठरू शकतो असे मान्य केले, परंतु व्यवसाय असणे आणि सेवेचा मोबदला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय व्यावसायिक म्हणवून घेतले की खर्चाची वजावट मिळते, पण स्वयंरोजगार कर मागे लागतो आणि परदेशी उत्पन्नाची सवलत त्याला लागू होत नाही.

इंग्लंडने ही गुंतागुंत मुळातच टाळली. ग्रॅहॅम विरुद्ध ग्रीन या १९२५ च्या निकालाने, घोड्यांवर पैज लावूनच जगणाऱ्या माणसाची कमाईही व्यवसायाचा नफा ठरली नाही. कॅनडातही हौशी खेळाडूच्या जिंकलेल्या रकमेवर सहसा कर नसतो. तेथे गेलेल्या अमेरिकी खेळाडूला हे औदार्य उपयोगी पडले नाही, कारण परकीय देशाला भरलेल्या कराचीच वजावट मायदेशी मिळते आणि भरलाच नाही तर वजा काय करणार? परदेशी बँक खात्यांची माहिती देण्याचे बंधन वेगळेच होते. एकूण शिल्लक वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरवर गेली की ते लागू होते. २०१६ मध्ये एका अपील न्यायालयाने पोकर संकेतस्थळांवरील खाती त्यातून वगळली, परंतु त्यांत पैसे भरण्यासाठी वापरलेले मध्यस्थ कंपनीचे खाते वगळले नाही.

२०१३ मध्ये नेवाडा, डेलावेअर आणि न्यू जर्सी या राज्यांत परवानाधारक ऑनलाइन पोकर सुरू झाले आणि परतीचा मार्ग थोडा खुला झाला. कर मात्र कडक होत गेला. २०२५ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून जुगारातील तोट्याच्या केवळ ९० टक्के रकमेची वजावट मिळते. म्हणून वर्षभरात एक लाख डॉलर जिंकून तेवढेच हरलेल्या व्यावसायिक अमेरिकी खेळाडूच्या विवरणपत्रात, तो मेक्सिकोत राहो की नेवाडात, दहा हजार डॉलरचे उत्पन्न उरते.