ॐकार कुणी म्हणायचा?



काल याच मंडपात, नेवाशात, कीर्तन झालं. आरती संपली, बुक्का लावून मंडळी पांगली, आणि एक आजी खांबाशी थांबल्या. म्हणाल्या, "महाराज, आमच्या सासूबाई सांगायच्या, बाईमाणसानं ॐ म्हणू नये. आता नातू सकाळी प्राणायामाला बसतो, ॐ म्हणतो, मलाही बसवतो. मी आपली ओठ मिटून बसते. काय करू?" मी म्हटलं, आजी, उद्या बोलू.

सासूबाई काही पदरचं सांगत नव्हत्या बरं का. प्रणव म्हणजे वेदाचं तोंड. मुंजीत बटूच्या डोक्यावर वस्त्र धरून तो गायत्रीबरोबर कानात सांगायचा. ज्याची मुंज नाही, त्याला प्रणव नाही. म्हणजे बायकांना नाही, शूद्रांना नाही. शेकडो वर्षं हीच रीत.

आता या अक्षराचा अर्थ बघा. छांदोग्य उपनिषद सुरूच होतं ॐकाराच्या उपासनेनं. तिथं ऋषी सांगतात, हे अनुज्ञेचं अक्षर आहे; माणूस एखाद्या गोष्टीला मान्यता देतो तेव्हा ॐ म्हणतो. म्हणजे आपल्या बोलीत काय? होकार! मूळचं जे अक्षर 'हो' म्हणतं, त्याच्याच दारावर 'तुला नाही' अशी पाटी लागली. आहे की नाही गंमत?

मांडूक्य उपनिषद तर इवलंसं, 12 मंत्रांचं. अकार म्हणजे जागेपण, उकार म्हणजे स्वप्न, मकार म्हणजे गाढ झोप. आणि मकारही विरला की जे उरतं, ज्याला मात्रा नाही, ती चौथी अवस्था. जागेपण, स्वप्न, झोप. यातलं बाईला वेगळं आणि पुरुषाला वेगळं असतं का हो?

हा प्रश्न या नेवाशात, प्रवरेच्या काठी, शके 1212 मध्ये सुटला. म्हणजे इसवी सन 1290. रामदेवराव यादवाचं राज्य होतं. पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानोबाराय बोलत होते, सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. आणि बोलणारा कोण? संन्याशाचं पोर! परंपरा सांगते, या भावंडांना आळंदीच्या ब्रह्मवृंदानं मुंज नाकारली. ज्यांच्या कानात प्रणव सांगायला कुणी तयार नव्हतं, त्या मुलानं गीतेवर मराठीत टीका केली आणि तिचा पहिला शब्द ठेवला ॐ. मायबापहो, शेवटचा नाही, मधला नाही, पहिला!

बरं, नुसता शब्द ठेवून थांबले नाहीत. तो दिसायचा कसा, तेही दाखवलं. अकार हे गणपतीचे पाय, उकार हे मोठं पोट, मकार हे मस्तक. संस्कृत न येणाऱ्या कुणब्यालाही हे रूप डोळे मिटून दिसेल. आणि अठराव्या अध्यायात तर माउली वेदालाच कृपण म्हणतात. संपन्न आहे, पण तीन वर्णांच्याच कानाशी लागतो. हे उणं भरून काढायला तोच वेद गीता होऊन सगळ्यांसाठी आला, असं म्हणतात. वेदाला कंजूष म्हणायची छाती लागते. पण सूर भांडणाचा नाही, लेकरानं आजोबांचा कान धरावा तसा.

जाता जाता आणखी एक. आपण म्हणतो, कामाचा ओनामा केला. हा ओनामा कुठला? जुन्या पंतोजींच्या शाळेत पोरं धूळपाटीवर अक्षरं गिरवायची आणि 'ओनामासीधं' म्हणायची. मूळ शब्द ॐ नमः सिद्धम्. पोरांच्या तोंडात झिजून झिजून ओनामा राहिला. म्हणजे मुंज झालेला असो की नसो, अख्खा महाराष्ट्र बोलता बोलता ॐकार घेतोच आहे, कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आजी आल्यात का आज? त्या बघा, पहिल्या रांगेत, मांडीवर ज्ञानेश्वरी घेऊन. आजी, किती वर्षं पारायण करता? चाळीस? मग चाळीस वर्षं पोथी उघडल्यावर पहिला शब्द कोणता वाचताय? हसू नका, सांगा.

टाळकरी, जरा थांबा. आजी, पहिली ओवी आज तुम्ही सांगा, आम्ही मागून म्हणतो.